ऑप्टिमस प्राइमला राजघराण्यात घालू नका: त्याच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ट्रान्सफॉर्मर्सचे पुढचे पिक्चर, सिरीज आणि कॉमिक्स लिहिणारे सगळे लेखक, दिग्दर्शक आणि त्यांच्या डोक्यावर बसलेली खेळणी कंपनीतली मंडळी,

नमस्कार.

डायरेक्ट मुद्द्यावर येतो. ऑप्टिमस प्राइम, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधला तो ट्रकचा रोबोट होणारा चांगल्या बाजूचा पुढारी, मुळात कोण आणि कुठून आला हे तुम्ही गेल्या चाळीस वर्षांत इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलंय की आता कोणी नवीन माणसाने विचारलं तर आधी त्यालाच विचारावं लागतं, बाबा रे, कुठला हवाय तुला, 1984चा, 2007चा की 2024चा. याला माझी हरकत नाहीये. एवढ्या वर्षांत एवढे लोक लिहिणार म्हटल्यावर फाटे फुटणारच. हरकत एकाच गोष्टीला आहे. दर काही वर्षांनी तुमच्यातल्या कोणाला तरी झटका येतो आणि तो ऑप्टिमसला जन्मापासूनच खास करून टाकतो, म्हणजे प्राचीन घराण्याचा शेवटचा वारस, नशिबाने निवडलेला, हे काम याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमणारच नाही असा, आणि मग त्या वारशाला शोभाव्यात म्हणून त्याला नवीन नवीन शक्ती चिकटवल्या जातात. ते करू नका, एवढंच सांगायचंय. बाकीचं पत्र का करू नका त्याबद्दल.

आता त्याचं खरं मूळ सायबरट्रॉनवर, म्हणजे गोष्टीतल्या रोबोटांच्या ग्रहावर नाहीच, जपानमध्ये आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, पण लिहितोच. टाकारा कंपनीची डायाक्लोन नावाची खेळण्यांची लाइन होती, 1980 पासूनची, त्यात 1983 मध्ये बॅटल कॉन्व्हॉय नावाचा एक लाल-निळा ट्रक आला जो उलगडला की रोबोट व्हायचा. तो ट्रक म्हणजे कोणी पात्र वगैरे नव्हता, नुसतं मशीन होतं, आणि ते चालवायला छोटी छोटी माणसं असायची, पायात लोहचुंबक असलेली, ती आत बसवायची. मग हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने ही खेळणी अमेरिकेत आणायचं ठरवलं आणि मार्व्हल कॉमिक्सवाल्यांना सांगितलं की आम्हाला यांच्यासाठी एक गोष्ट पाहिजे. जिम शूटरने गोष्टीचा सांगाडा उभा केला, डेनी ओनीलने या ट्रकला ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं, आणि बाकी बहुतेकांची नावं आणि स्वभाव बॉब बुडियान्स्कीने घाईघाईत लिहून काढले. 1984 मध्ये खेळणी, कॉमिक आणि कार्टून असं सगळंच बाजारात आलं. ट्रक तोच, रंग तेच, फक्त आतला चालवणारा माणूस काढला आणि मशीनलाच मन दिलं. (जपानी कार्टूनमध्ये तो पुढेही बरीच वर्षं कॉन्व्हॉयच राहिला, तो भाग वेगळा.)

हे मी हिणवायला सांगत नाहीये हां. खेळणी खपवायला बनवलेलं पात्र आहे हे शेंबड्या पोरालाही माहितीये, त्यात लपवण्यासारखं काय आहे. मला नवल वाटतं ते हे की एवढ्या धंदेवाईक कामात कोणीतरी त्या ट्रकला एक सरळ, थोडासा थकलेला, जबाबदारीने वाकलेला स्वभाव दिला आणि तो टिकला. खोक्याच्या मागच्या बाजूला प्रत्येकाचे मार्क असायचे, दहापैकी, लाल प्लास्टिकच्या पट्टीतून बघितलं की दिसायचे. त्यात ऑप्टिमसला ताकद 10, बुद्धी 10, टिकाव 10, हिंमत 10, हुद्दा 10, कौशल्य 10, पण वेग 8 आणि मारा 8. त्याचा कायमचा शत्रू मेगाट्रॉन, त्याला माऱ्यात पूर्ण 10 होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं की बंदुकीत समोरचा भारी आहे. ज्याने कोणी तो 8 चा आकडा तिथे टाकला त्याला हे पात्र कळलं होतं असं माझं ठाम मत आहे. मुद्दाम टाकला असेल किंवा चुकून, मला फरक पडत नाही.

बरं, आता गोष्टीतलं मूळ. पहिल्या कार्टूनने ते सांगायला 1985 उजाडलं, आणि सांगितलं तेही एका एपिसोडमध्ये, ‘वॉर डॉन’ नावाच्या. नव्वद लाख वर्षांपूर्वीचं सायबरट्रॉन. तिथे ओरायन पॅक्स नावाचा एक तरुण गोदी कामगार आहे. सेनापती नाही, पंडित नाही, गोदीत कामाला आहे, एरियल नावाची मैत्रीण आहे, डिऑन नावाचा दोस्त आहे. आणि त्याला कौतुक कोणाचं, तर मेगाट्रॉनचं! कारण मेगाट्रॉन नव्या घडणीचा, हवेत उडणारा, रुबाबदार. तो येतो, गोदामांची गोड बोलून चौकशी करतो, हा भोळसट पोरगा हरखून त्याला सगळं दाखवतो आणि मग मेगाट्रॉन तिथेच त्याला आणि त्याच्या माणसांना गोळ्या घालतो. अर्धमेल्या ओरायनला अल्फा ट्रायॉन नावाच्या म्हाताऱ्या रोबोटकडे नेतात, तो त्याला नव्याने बांधतो, आणि उठतो तो ऑप्टिमस प्राइम.

वीस-बावीस मिनिटांचं काम, त्यात भविष्यातून आलेल्या एरियलबॉट्स नावाच्या उडत्या रोबोटांची भानगड पण घुसवलेली, ॲनिमेशन म्हणाल तर जेमतेम. तरी मी आजपर्यंत वाचलेल्या-बघितलेल्या त्याच्या सगळ्या जन्मकथांमध्ये मला हीच सगळ्यात भारी वाटते, कारण यात त्याला कोणी निवडलेलंच नाहीये. अल्फा ट्रायॉनने त्याला दुरुस्त केलं कारण तो जखमी होऊन त्याच्यासमोर आणला गेला होता. त्याच्या जागी दुसरा कोणी हमाल आणला असता तर कदाचित तो उठला असता. हा ‘कदाचित’ फार मोलाचा आहे आणि तुम्ही लोक नेमका तोच पुसत बसता.

नंतरच्यांनी त्याला वेगवेगळी कामं दिली. 2010 च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स प्राइम’च्या आसपास जी गोष्ट बांधली त्यात ओरायन आयाकॉन शहराच्या दफ्तरखान्यात कारकून, अल्फा ट्रायॉनच्या हाताखाली, जुन्या नोंदी लावणारा, आणि नोंदी वाचता वाचताच त्याला कळतं की आपल्या समाजात काहीतरी सडलंय. तिकडे काओन शहराच्या आखाड्यात लढणारा मेगाट्रोनस (पुढचा मेगाट्रॉन) तेच बोलतोय, दोघांची मैत्री होते, दोघं कौन्सिलसमोर जातात, मेगाट्रोनस म्हणतो मला प्राइम, म्हणजे सगळ्यांचा नेता करा नाहीतर उलथून टाकतो, ओरायन साधं मनापासून बोलतो, आणि कौन्सिलला वाटतं की प्राइम व्हायला हाच लायक आहे. तिथे मैत्री तुटते. आयडीडब्ल्यू या प्रकाशनाच्या कॉमिकमध्ये ओरायन पोलीस आहे आणि मेगाट्रॉन खाणीत राबणारा आणि लिहिणारा, म्हणजे पोलिसाला त्या कामगाराचं लिखाण पटतं अशी गंमत. आणि 2024 च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’मध्ये तर दोघंही खाण कामगार, ओरायन आणि डी-16 (पुढचा मेगाट्रॉन), आणि दोघांच्याही छातीत ट्रान्सफॉर्म व्हायचा कॉगच नाही, जन्मतःच काढून घेतलेला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर असून ट्रान्सफॉर्म होता येत नाही.

गोदी कामगार, कारकून, पोलीस, खाण कामगार. बघा ना, वेगवेगळ्या दशकांत वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं, एकमेकांशी जुळवून घ्यायची कोणावर सक्ती नव्हती, तरी चांगलं लिहिणारा प्रत्येक जण त्याला कुठल्या तरी नोकरीतच शोधायला गेला. राजवाड्यात कोणी गेलं नाही.

राजवाड्यात गेलात ते 2009 मध्ये. 2007 पासूनच्या लाइव्ह-ॲक्शन पिक्चरांपैकी दुसऱ्यात एकदम कळतं की प्राइम हे घराणं आहे, सात भाऊ होते, एक फितूर झाला तो फॉलन, त्याला फक्त प्राइमच मारू शकतो आणि ऑप्टिमस त्या रक्ताचा शेवटचा. आता रोबोटला रक्त कुठलं ते सोडा, पण झालं काय, की पहिल्या पिक्चरमध्ये जो आपल्या चार-पाच माणसांना घेऊन पृथ्वीवर उतरतो, लपून राहतो, एका पोराच्या अंगणात फुलझाडं तुडवून सॉरी म्हणतो, तो दुसऱ्यात एकदम युवराज झाला. बाकी ऑटोबॉट्स, म्हणजे त्याच्या बाजूचे रोबोट, जीव तोडून लढतात ते मग कशाला? त्यांच्या लढण्याने काही होणारच नसेल, चावी एकाच्याच हातात असेल, तर त्यांना घरी पाठवा की. वारसाची गोष्ट लिहिली की आजूबाजूचे सगळे आपोआप नोकर होऊन जातात, आणि ऑप्टिमस हा असा नेता आहे की ज्याला आजूबाजूचे लोक नोकर झालेले अजिबात खपणार नाहीत. मग 2017 मध्ये अजून एक पायरी खाली, क्विंटेसा येते, म्हणते मीच तुझी निर्माती, ऑप्टिमसचे डोळे जांभळे, आपल्याच माणसांवर तलवार. त्यावर मी जास्त लिहीत नाही, तुम्हालाही आठवून त्रास होत असेल.

मॅट्रिक्सबद्दल मात्र लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मॅट्रिक्स ऑफ लीडरशिप, छातीत ठेवलेला तो चमकणारा गोळा, पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण, एका प्राइमकडून दुसऱ्याकडे. ऐकायला असं वाटतं की हा त्याच्याकडे सुरुवातीपासून होता. नव्हता. कार्टूनच्या पहिल्या दोन सीझनमध्ये मॅट्रिक्सचं नावसुद्धा नाही. दोन सीझन तो बिनामॅट्रिक्सचा पुढारी होता आणि कोणाचं काही अडलं नाही. मार्व्हलच्या कॉमिकमध्ये 1985 मध्ये ‘क्रिएशन मॅट्रिक्स’ आला खरा पण तो सुरुवातीला एक प्रोग्रॅम होता, ऑप्टिमसच्या डोक्यात, नवीन रोबोटला जीव देणारा, आणि एकदा तर तो बस्टर विटविकी नावाच्या एका पोराच्या, म्हणजे चक्क माणसाच्या, डोक्यात सोडून दिला होता! छातीतला गोळा म्हणून तो दिसला 1986 च्या ॲनिमेशन पिक्चरमध्ये. का दिसला? कारण त्या पिक्चरमध्ये ऑप्टिमसला मारायचं होतं आणि पुढचा नेता कोण हे दाखवायला हातात द्यायची काहीतरी वस्तू हवी होती. इतकं साधं कारण.

म्हणून माझं म्हणणं आहे की मॅट्रिक्सला बॅटरी समजू नका. तो चार्ज सोपवण्याची वस्तू आहे, ऑफिसात बदली झाली की कपाटाच्या चाव्या आणि फायली पुढच्याच्या ताब्यात देतात तसा. किल्ल्या मिळाल्या म्हणून कोणी हुशार होत नाही. 1987 मध्ये तो परत आला त्या दोन भागांत हे अगदी बरोबर दाखवलंय, सगळीकडे द्वेषाची साथ पसरलीये, ऑप्टिमस मॅट्रिक्स उघडतो, आतलं सगळं शहाणपण साथ घालवायला खर्च होतं, मॅट्रिक्स रिकामा. आणि रिकामा मॅट्रिक्स घेऊन तो उभा आहे तरी समोर गॅल्व्हट्रॉन, म्हणजे तोच मेगाट्रॉन नव्या रूपात, त्या दिवसापुरता का होईना, लढायचं सोडून त्याचा हात हातात घेतो. मॅट्रिक्सची एवढी चांगली गोष्ट नंतर तुमच्यापैकी फार कमी जणांनी लिहिली. ‘ट्रान्सफॉर्मर्स प्राइम’वाल्यांनी शेवटच्या पिक्चरमध्ये लिहिली, 2013 मध्ये. तिथे तो मॅट्रिक्समधलं सगळं काढून त्यात ऑलस्पार्क, म्हणजे रोबोटांना जीव देणारी शक्ती, भरतो आणि ग्रहावर पुन्हा नवीन जीव यावेत म्हणून त्याच्याबरोबर स्वतःच विहिरीत उडी घेतो. ते मरण मला पटलं. पुन्हा परत आणायची घाई न करता लिहिलेलं मरण होतं ते.

आता शक्तींकडे येतो, कारण तिथे तर तुमचा हात कोणी धरतच नाही.

मूळची यादी बघा किती आटोपशीर आहे. एक आयन ब्लास्टर बंदूक. एक नारिंगी चमकणारी कुऱ्हाड, जी हाताच्या जागी येते, तीही पहिल्याच गोष्टीत शर्मन धरणावरच्या मारामारीत दिसली, समोर मेगाट्रॉनचा साखळीचा गोळा, आणि मग त्या जुन्या कार्टूनमध्ये जवळपास विसरूनच गेले सगळे. ट्रकचं रूप. मागचा ट्रेलर उघडला की त्याचा लढाईचा तळ होतो, आणि त्यातून रोलर नावाची छोटी गाडी निघते टेहळणीला. खोक्यावर लिहिलेलं होतं की हे तिन्ही भाग वेगळे चालतात पण एकाला मार लागला की बाकीच्यांना पण तो जाणवतो. कसली सुंदर कल्पना आहे ही! शक्तीच अशी दिली की तिच्यातच दुखणं आहे. यावर आख्खी सिरीज निघू शकते आणि तुम्ही चाळीस वर्षांत तिला धड हात लावला नाहीत, वर प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न एकच, की रोबोट झाल्यावर ट्रेलर जातो कुठे. जाऊ दे की कुठेही. तो प्रश्न तसाच राहू द्या, त्यात मजा आहे.

2007 मध्ये ट्रक बदलला. सपाट तोंडाचा जाऊन लांब नाकाचा पीटरबिल्ट 379 आला, का तर रोबोट मोठा दिसायला हवा, साधारण 28 फुटी, आणि ट्रकचं वजन-आकार तेवढा हवा म्हणजे उलगडताना लबाडी वाटणार नाही. यावर तेव्हा लोकांनी फार दंगा केला. मला ते कारण पटतं. आकाराशी प्रामाणिक राहायचा प्रयत्न तरी होता. कॉम्प्युटरवर त्याचे दहा हजारांवर वेगवेगळे भाग करून ते एकमेकांत सरकवले होते, त्यात वेडेपणा आहे पण तो चांगल्या जातीचा वेडेपणा आहे. शिवाय 2018 च्या ‘बंबलबी’मध्ये जुना सपाट तोंडाचा परत आणलात, तेव्हा ती तक्रार मिटली.

मिटली नाही ती उडण्याची. ऑप्टिमस ट्रक आहे. ट्रक रस्त्यावर असतो. मेगाट्रॉनला उडता येतं आणि याला येत नाही हा काही डिझाइनमधला दोष नाहीये, ‘वॉर डॉन’मध्ये तर ओरायन त्या उडण्यावरच भाळून फसतो ना. 2009 मध्ये त्याला उडवलंत पण जेटफायर नावाच्या म्हाताऱ्या रोबोटने आपला जीव देऊन आपले भाग दिले म्हणून, चला, त्याला किंमत तरी मोजली. 2011 मध्ये पंख ट्रेलरमधून आले, तेही ठीक, आणि त्याच पिक्चरमध्ये एवढा मोठा सेनापती शिकागोत क्रेनच्या वायरांमध्ये अडकून लोंबकळत राहतो, ते बघून हसावं की रडावं कळेना, पण निदान माणसासारखा अडकला तरी. आणि 2014 च्या शेवटी? सरळ पायातून रॉकेट आणि हा अंतराळात. ना कोणी दिलं, ना कुठे बनवलं, आधीची तीन तास मारामारी पायीच केली आणि शेवटी आठवलं की अरे, आपल्याला उडता येतं! तोवर त्या पिक्चरमध्ये जे जे संकट आलं ते सगळं त्या एका शॉटने खोटं ठरवलं. फुकट मिळालेली शक्ती मागच्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवते, हे लिहिणाऱ्यांना मी काय सांगणार.

मला विचाराल तर त्याची सगळ्यात मोठी शक्ती म्हणजे तो हात आवरतो. आणि हे मी भक्तिभावाने बोलत नाहीये, गोष्टींमधून पुरावा देतो. मार्व्हलच्या कॉमिकमध्ये एकदा त्याची आणि मेगाट्रॉनची टक्कर एका व्हिडिओ गेममध्ये लावली होती, गेमच्या आत, हरेल त्याला खऱ्या जगात उडवून द्यायचं अशी अट. गेममधले जे साधे जीव होते त्यांना ऑप्टिमस सांभाळून घेत खेळतो, ते त्याला मदत करतात, आणि शेवटी तो मेगाट्रॉनला पाडतो पण त्या धुमश्चक्रीत त्यातले काही निष्पाप जीव मरतात. लक्षात घ्या, गेममधले, कॉम्प्युटरवरचे. तो म्हणतो की मी माझी मर्यादा मोडली, मी हरलो, उडवा मला. आणि उडवतात. सगळ्यांना हे अति वाटतं, मी कितीतरी लोकांना ही गोष्ट सांगितल्यावर ते हसलेत, मूर्खपणा म्हणालेत. असेल मूर्खपणा. पण जो स्वतः प्लास्टिकच्या मशीनमधून जिवंत झालाय त्याने दुसऱ्या खोट्या समजल्या जाणाऱ्या जिवांना खरं मानावं, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही. (त्याला फ्लॉपीवर सेव्ह करून ठेवलं होतं, ते 1980 चं दशक होतं, समजून घ्या.)

या ऑप्टिमसच्या शेजारी 2011 चा ठेवा. सेंटिनेल प्राइम, त्याचा गुरू, फितूर निघालेला, जमिनीवर पडलाय, हात वर करून काहीतरी समजावू बघतोय, आणि हा त्याला गोळी घालतो. वादच नको, सेंटिनेलने हजारो माणसं मारली होती, शिक्षा व्हायलाच हवी होती. पण हा सीन ज्याने लिहिला त्याने मेगाट्रॉनच्या हातात बंदूक दिली असती तर एक अक्षर बदलावं लागलं नसतं. मग दोघांत फरक काय राहिला, रंगाचा? त्याआधी फॉलनचा चेहरा ओरबाडून काढला होता, मेगाट्रॉनचं डोकं मणक्यासकट उपटलं होतं. थेटरात शिट्ट्या पडतात हे मान्य, पडणारच.

आणि आता तुमच्याच लोकांनी 2024 मध्ये काय लिहिलं ते बघा. पुन्हा एक सेंटिनेल प्राइम, वेगळा, पण हाही फितूर, खोटा, ज्याने कामगारांचे कॉग काढून घेतले आणि क्विंटेसन्स नावाच्या परक्यांना ग्रह विकला. डी-16 त्याला जाहीर ठार मारायला निघतो. त्याचा राग शंभर टक्के खरा आहे. आणि ओरायन मध्ये उडी मारतो, ज्याने आपल्याला लुटलं त्याच नालायक माणसाला वाचवायला, आणि गोळी स्वतः खातो. डी-16 त्याचा हात पकडतो आणि मग सोडून देतो. तो खाली ग्रहाच्या गाभ्यात पडतो, आणि तिथे त्याला मॅट्रिक्स मिळतो. क्रम बघा ना, आधी उडी, मग मॅट्रिक्स. मला तर वाटतं की कोणीतरी 2011 चा तो सीन समोर ठेवून मुद्दाम त्याचं उत्तर लिहिलं असावं, खरं काय ते त्यांनाच माहिती. पिक्चर म्हणावा तेवढा चालला नाही म्हणे, म्हणून आता भीती वाटते की कंपनीतला कोणी मीटिंगमध्ये म्हणेल की लोकांना हे नको, त्यापेक्षा घराणं आणा, रॉकेट आणा, उपटलेली डोकी आणा. म्हणून तर हे पत्र.

मरणाबद्दल थोडं. 1986 मध्ये तुम्ही (म्हणजे तुमच्या आधीच्यांनी) त्याला मारलं कारण जुन्या खेळण्यांची जागा नव्यांना द्यायची होती. पोरं थेटरात रडली, पालक भडकले, पत्रांचा एवढा मारा झाला की त्याच कंपनीच्या जी. आय. जो या सैनिक-खेळण्यांच्या पिक्चरमध्ये ड्यूक नावाचा हिरो मरणार होता तो घाईघाईत कोमात ढकलला आणि ऑप्टिमसला पुढच्याच वर्षी परत आणला. कंपनीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण विकलेल्या वस्तूशी लोकांचं नातं जडलंय. ते चांगलंच झालं. पण त्यातून तुम्ही जो धडा घेतला तो भलताच, की मारला आणि परत आणला की गल्ला भरतो. 2009 मध्ये जंगलात मारला, त्याच पिक्चरमध्ये परत. आता तो पडला की कोणी श्वास पण रोखत नाही, सगळे घड्याळ बघतात की किती मिनिटांनी उठतोय. एखादा हात गेलेला, कमी ताकदीचा, दुरुस्ती नीट न झालेला ऑप्टिमस मला मेलेल्या ऑप्टिमसपेक्षा कितीतरी जास्त काळजीत टाकतो. 2023 पासूनच्या कॉमिकमध्ये त्याचा हात जातो आणि त्या जागी मेगाट्रॉनचा हात लावावा लागतो, हे वाचताना मी खरंच अस्वस्थ झालो. असलं काहीतरी करा.

आवाजाचं पण बोलायला हवं. पीटर कलन यांनी 1984 पासून हा आवाज दिलाय, 2007 मध्ये पिक्चरमध्येही लोकांच्या आग्रहाने तेच आले. त्यांनी बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय की हा आवाज त्यांच्या थोरल्या भावाचा आहे, लॅरीचा, जो व्हिएतनाममध्ये मरीन होता, आणि ऑडिशनला जाताना त्यानेच सांगितलं होतं की हिरो करायचास तर आरडाओरडा करणारा करू नकोस, ताकदवान माणूस सौम्य राहू शकतो. जुन्या कार्टूनमध्ये ऑप्टिमसच्या तोंडावर कायम पट्टी, ओठ दिसायचेच नाहीत, म्हणजे सगळा अभिनय त्या आवाजातच. कलन साहेब आता ऐंशीच्या पुढे आहेत, दुसरे लोकही हा आवाज करतायत आणि करणारच. फक्त निवडताना कोण जास्त खर्जात जातो याची स्पर्धा लावू नका, कॉम्प्युटरने अजून खाली ओढू नका. हळू बोलून ऐकवून घेता येणारा माणूस शोधा.

आणि शेवटचं. तुम्ही जन्मकथा परत सांगणार हे मला माहितीये, कितीही नको म्हटलं तरी पाच-सात वर्षांनी कोणीतरी सांगणारच. तर मग एक काम करा, त्या 1985 च्या गोदीत परत जा आणि डिऑनला शोधा. ओरायनबरोबर तिघं होते ना, ओरायनचा ऑप्टिमस झाला, एरियलची पुढे एलिटा वन झाली, आणि तिसरा, डिऑन, त्याच दिवशी त्याच गोळीबारात पडला, त्याचं पुढे काय झालं हे त्या कार्टूनने कधी सांगितलंच नाही. अल्फा ट्रायॉनकडे नेताना दोघांनाच नेलं. तो मेला का, उठला का, उठला असेल तर त्याला आपल्या दोस्ताबद्दल काय वाटलं असेल, की गोळी तर आम्ही एकाच गोदामात उभे राहून खाल्ली होती, मग हा प्राइम आणि मी कोण? ऑप्टिमसकडे या प्रश्नाचं उत्तर नसणार, आणि त्याला ते ठाऊक असणार. ती गोष्ट लिहा. तिकीट मी पहिल्या दिवसाचं काढतो.

कळावे, लोभ असावा.

तुमचाच,
एक जुना ऑटोबॉटवाला